सेल्डेनचा फर्लेक्स : नागपूरच्या बेअरिंगवाल्याचा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. २५-२६ फुटांची शिडाची बोट खाऱ्या पाण्यात मूरिंगवर, म्हणजे तळाशी बांधून ठेवलेल्या बोयाला, उभी राहत असेल, मालक तिच्यापासून लांब राहत असेल आणि पुढचं शीड गुंडाळायला फर्लर हवा असेल, तर सेल्डेन या स्वीडिश कंपनीचा फर्लेक्स बिनघोर घ्यावा. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पैशांपायी. आणि बोट तळ्यात चालणारी, संध्याकाळी ट्रॉलीवर घालून घरी आणण्याजोगी असेल, तर फर्लरच्या भानगडीत पडूच नये. त्याबद्दल खाली.

आता हे सांगणारा मी कोण? मी नागपूरचा. कॉटन मार्केटच्या बाजूला आमचं बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दालमिलवाले, रसवंतीवाले, कूलरच्या मोटारी भरणारे, हिंगणा एमआयडीसीतले मेंटेनन्सचे लोक हे आमचं गिऱ्हाईक. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो, अंबाझरीच्या पाण्यावर होडीत शीड धरायला शिकलो आणि ते वेड काही उतरलं नाही. पुढे साडूच्या भागीदारीत एक जुनी २६ फुटी फायबरची बोट घेतली. साडू अलिबागला असतो, बोट मांडव्याच्या बाजूला उभी असते आणि तिचं नाव ‘वैनगंगा’ आहे, कारण निम्मे पैसे विदर्भाचे आहेत. नागपुरात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “काऊन, फुटाळ्याच्या तळ्यात मावत नाही का?”

हसायचं तर हसा, पण माझी सगळी निवड या अंतरावरच ठरली. दर शनिवारी बोटीवर जाणाऱ्याला कुठलाही बरा फर्लर चालतो. मी विदर्भ एक्स्प्रेसने रात्र काढून जाणारा. माझ्या माघारी बोट आठवडेच्या आठवडे खाऱ्या हवेत तशीच डोलत असते. कोणता फर्लर किती हलका फिरतो याचे व्हिडिओ लोक टाकतात. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. दुर्लक्ष कोण सोसतो आणि बिघडला तर माझ्या हातांनी कोण उघडतो, एवढंच मी पाहिलं.

ज्यांना फर्लर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीच्या नाकापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत पोलादी तार ताणलेली असते, तिला फोरस्टे म्हणतात. जुन्या पद्धतीत पुढचं शीड या तारेला पितळी कड्यांनी अडकवतात. वारा वाढला की कुणीतरी उड्या मारणाऱ्या डेकवर पुढे जायचं, शीड उतरवायचं, दुसरं लहान चढवायचं. फर्लरमध्ये या तारेभोवती ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी बसवतात, तिला फॉइल म्हणतात. फॉइलच्या खाचेत शिडाची पुढची कड सरकवलेली असते. खाली ड्रम, त्यावर दोरी. मागे कॉकपिटमध्ये बसून दोरी ओढली की खिडकीचा गुंडाळायचा पडदा आडव्याऐवजी उभा लावावा तसं शीड फॉइलभोवती गुंडाळलं जातं. पूर्ण गुंडाळा, नाहीतर अर्धंच गुंडाळून लहान शीड करून चालवा.

इथे एक फरक नीट समजून घ्या. काही ड्रम फक्त शीड पूर्ण मिटण्यासाठी असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं वायकहॅम-मार्टिन गिअर त्याच जातीचं, आणि ते आजही लहान बोटींवर दिसतं. त्यात फॉइल नसतं, शीड स्वतःच्या कडेतल्या तारेभोवती गुंडाळतं. अर्धं गुंडाळून वाऱ्यात चालवायला ते बनवलेलंच नाही. खालचा पीळ वरपर्यंत पोचत नाही आणि शिडाचं गाठोडं होतं. विकणारा दोन्हींना फर्लरच म्हणतो. म्हणून विचारायचं ते असं: वाऱ्यात अर्धं शीड ठेवून तासभर चालवता येईल का? तो अडखळला तर पुढच्या दुकानी जा.

आमच्या बोटीवर आधीच्या मालकाने बसवलेला एक फर्लर होता. कंपनीचं नाव घेत नाही. खालचा ड्रम फिरायचा, वरचा स्विव्हल फिरायचा नाही. स्विव्हल म्हणजे फॉइलवर वर सरकणारा भोवरा: त्याचा बाहेरचा अर्धा भाग शीड वर ओढणाऱ्या दोरीला, म्हणजे हॅलियार्डला बांधलेला, आणि आतला अर्धा शिडाबरोबर फिरणारा. दोघांच्या मधे बेअरिंग. ते जाम झालं की शिडाबरोबर हॅलियार्डही फॉइलभोवती गुंडाळायला लागते. याला हॅलियार्ड रॅप म्हणतात आणि फर्लरचे सगळ्यात वाईट अपघात यातूनच होतात. खाली बसलेल्याला वाटतं दोरी जरा जड झालीय, तो ती विंचवर, म्हणजे दोऱ्या ताणायच्या चरखीवर, घेतो, आणि विंच बिचारी प्रामाणिकपणे फॉइल वाकवते किंवा तारेचे पदर उलगडते. फोरस्टे गेली की डोलकाठी कुठे पडेल ते देव जाणे. फर्लरची दोरी हाताने ओढली जात नसेल तर थांबायचं आणि मान वर करून पाहायचं. आमच्या बोटीवर हा नियम साडूने कॉकपिटमध्ये पेंटने लिहून ठेवलाय.

तो स्विव्हल मी बॅगेत घालून नागपूरला आणला आणि दुकानाच्या काउंटरवर उघडला. हे मला इथे जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझं पुढचं सगळं मत त्या उघडण्यातून बनलं. वरची रिंग निघेना. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी पुलरने निघाली. आत ॲल्युमिनियमची पांढरी पूड आणि तपकिरी लगदा. आमच्याकडचा पोऱ्या वास घेऊन म्हणाला, “काकाजी, हे तर बोअरच्या पंपातलं वाटून राहिलं.” छर्रे पुसून कागदावर मांडले. लांबून पाहिलं तर ठीकठाक, भिंगाखाली प्रत्येकावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. रेसवर, म्हणजे छर्रे ज्या वाटेवर धावतात तिथे, सारख्या अंतरावर बारीक खळगे पडलेले. अंतर मोजलं तर बरोबर दोन छऱ्यांमधलं. म्हणजे ते बेअरिंग फिरून झिजलं नव्हतं. उभ्या उभ्या, बोट मूरिंगवर हलत असताना, एकाच जागी थरथरून खळगे पडले होते. हाच प्रकार ट्रकवर लादून लांबून आलेल्या नव्या मोटारींच्या बेअरिंगमध्येही आम्ही पाहतो.

आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. खळगे सगळ्या वर्तुळावर सारखे नव्हते. एका बाजूला, साधारण तिसऱ्या हिश्शात, खोल होते. उरलेला भाग जवळजवळ कोरा. विचार केल्यावर कारण कळतं. हॅलियार्ड स्विव्हलला मधोमध ओढत नाही, मधे तर तार आणि फॉइल आहे. ती एका बाजूने ओढते. शीडही एका बाजूलाच लटकलेलं. त्यामुळे स्विव्हल किंचित तिरका होतो आणि काही शे किलोंचा ताण चार-पाच छऱ्यांवर येतो. बाकीचे छर्रे नुसते हजेरी लावतात.

आता आमच्या धंद्यातली थोडी गोष्ट. घरातला सीलिंग फॅन मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, दिवसचे दिवस. आमच्या लहान बोटीचं शीड पूर्ण गुंडाळायला फर्लर पंधरा-वीस फेरे फिरतो, संपलं. फर्लरच्या बेअरिंगला वेगाचा त्रास नाही, उष्णतेचा नाही, फेऱ्यांच्या आयुष्याचा तर नाहीच नाही. त्याचे शत्रू तीन: एका बाजूचा ताण, एका जागी उभं राहणं, आणि मीठ. आमच्याकडे रोज विकल्या जाणाऱ्या बेअरिंगचं पोलाद, ज्याला बाजारात ईएन ३१ म्हणतात, कठीण असतं पण त्याला गंजाचं वावडं नाही. ओल मिळाली की गंजलं. “स्टेनलेस आहे साहेब” असं कुणी सांगितलं तरी हुरळू नका. बेअरिंगमध्ये वापरतात ते ४४० सी स्टेनलेस बोटीच्या रेलिंगच्या ३१६ पेक्षा वेगळं. कठीणपणासाठी त्यात कार्बन जास्त असतो, आणि खाऱ्या पाण्यात त्यालाही खड्डे पडतात.

म्हणून फर्लर कंपन्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. मी चार पाहिल्या.

फ्रान्सचा प्रोफर्ल बेअरिंग पूर्ण बंद ठेवतो. आत ग्रीस भरलेलं, बाहेर दुहेरी ओठाचं सील, मालकाने काहीच करायचं नाही. बंद बेअरिंग, आमच्या भाषेत टू-आर-एस, मी उभं आयुष्य विकत आलोय, त्यामुळे मन आधी तिकडेच गेलं. त्यांची आणखी एक कल्पना मला फार आवडते: वरच्या टोकाला हॅलियार्ड गुंडाळली जाऊ नये म्हणून अडसर, त्याला ते रॅपस्टॉप म्हणतात. ज्या बोटीच्या डोलकाठीवर हॅलियार्डला योग्य कोन देता येत नाही, तिथे हाच घ्यावा. मी का घेतला नाही? बंद बेअरिंगचं कौतुक आणि भीती एकच आहे: आत काय चाललंय ते दिसत नाही. सील शाबूत तोवर राजा. पाणी आत शिरलं की ते बाहेरही पडत नाही. वर्षातून एकदाच फर्लर हाती लागणाऱ्या माणसाला आत डोकावता आलं पाहिजे, असं माझं मत. मत चूक असेल, पण दुकान माझं आहे.

अमेरिकेच्या हार्केनची वाट उलटी. सगळं उघडं. छर्रे टॉरलॉनचे, म्हणजे एका जातीच्या कठीण प्लास्टिकचे. गंजायला लोखंडच नाही, ग्रीस लागत नाही, किंबहुना लावायचंच नाही, कारण ग्रीसला धूळ चिकटते. गोड्या पाण्याने धुतलं की झालं. चीज म्हणून मला हा सगळ्यात देखणा वाटला. पण ‘गोड्या पाण्याने धुतलं की’ हीच अट आहे. मरीनात धक्क्याला लागलेल्या बोटीशेजारी नळ असतो; मूरिंगवर गोडं पाणी कॅनमधून नेतात आणि ते चहाला जातं. आमच्या बोटीवर लक्ष ठेवणारा तांडेल भला माणूस आहे, पण दर आठवड्याला त्याने ड्रमवर दोन तांबे गोडं पाणी ओतावं अशी अपेक्षा नागपुरात बसून मी कोणत्या तोंडाने करू? नळ असलेल्यांनी हार्केनच घ्यावा.

तिसरा सीडीआयचा फ्लेक्झिबल फर्लर, स्वस्तातला. त्याचं फॉइल एकसंध लवचीक प्लास्टिकचं, आणि वरचा स्विव्हलच नाही. हॅलियार्ड फॉइलच्या आतूनच जाते आणि शिडाबरोबर फिरते. स्विव्हल नाही तर स्विव्हल जाम होणं नाही, आणि हॅलियार्ड रॅपही नाही! डोलकाठी वरचेवर पाडून बोट ट्रॉलीवर नेणाऱ्यांना तर हा वरदान आहे, कारण ॲल्युमिनियमचं फॉइल आडवं करताना वाकलं तर संपतं, हे नुसतं लवतं. पण अर्धं शीड गुंडाळून जोराच्या वाऱ्यात चालवलं की लवचीक फॉइलला पीळ बसतो, खालचा भाग फिरतो त्यामानाने वरचा मागे राहतो. शिवाय चालत्या बोटीत शिडाच्या कडेचा ताण कमीजास्त करता येत नाही. २२ फुटांपर्यंतच्या बोटीला मी हा सुचवीन. मांडव्याच्या दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात २६ फुटी बोटीला नाही.

राहिला फर्लेक्स. यात बेअरिंगला ग्रीस देण्यासाठी भोकं ठेवलेली आहेत आणि वर्षातून एकदा तिथून ग्रीस भरायचं असतं. ट्यूब सोबत येते. नवं ग्रीस आत जाताना जुनं बाहेर येतं आणि त्याचा रंग बघून आतली तब्येत कळते. काळपट आलं तर ठीक, तपकिरी आलं तर उघडायची वेळ झाली. दुसरं म्हणजे लोड डिस्ट्रिब्यूटर. वर मी सांगितलं ना, सगळा ताण एका बाजूच्या चार छऱ्यांवर येतो, ते दुखणं ओळखून या लोकांनी स्विव्हलमध्ये ताण सगळ्या वर्तुळावर वाटणारा भाग घातलाय. काउंटरवर मांडलेले ते छर्रे पाहिल्यानंतर मला यापुढे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. आणि तिसरं, पेटीत नवी फोरस्टेच येते. म्हणजे जुन्या तारेवर नवा फर्लर चढवायचा आणि मग वर्षभर रात्री दचकून उठायचं, हा प्रकार नाही. दोरी, दोरीच्या वाटेची कडी, हॅलियार्डला कोन देणारं लीड, सगळं त्याच पेटीत. किंमत बघून आधी घाम फुटतो, पण बाकीच्यांच्या किमतीत तार, दोरी आणि कड्या धरल्या की अंतर बरंच कमी होतं. आमच्या ५ मिमी तारेला त्यांचा १००एस बसला.

मागवण्याची कथा कंटाळवाणी आहे, पटकन उरकतो. फॉइलचे तुकडे दोन-अडीच मीटरचे असतात आणि एवढ्या लांबीला बहुतेक कुरिअरवाले हात वर करतात. आमच्या एजंटाने पेटीवरचं ‘ॲल्युमिनियम प्रोफाइल’ वाचून तो खिडक्या-दरवाजांचा माल ठरवला आणि कागद दुरुस्त होईस्तोवर गोदामभाडं आमच्या माथी मारलं. भाडं, कस्टम, जीएसटी धरून वस्तू घरी पडते तेव्हा यादीतल्या किमतीकडे परत बघू नये. मागवताना मालाचं वर्णन काय लिहिणार ते आधी लेखी मागून घ्या.

मे अखेर बोट पाण्याबाहेर काढतो. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, किनाऱ्यावर माणसं आणि जागा दोन्ही मिळतात. जुनी फोरस्टे गुंडाळी करून नागपूरला आणली आणि नवा फर्लर आमच्या गच्चीवर कोरडा जुळवून पाहिला. लोकांना हा खुळेपणा वाटतो. पण तार मापात कापणं हे परत न फिरवता येणारं काम आहे; ते डुगडुगत्या शिडीवर करण्यापेक्षा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या खांबाला तार बांधून, शांतपणे करावं. शांतपणे म्हणजे नवतपात, पहाटे पाचला. सात वाजता ॲल्युमिनियमला हात लावता येत नव्हता, आणि त्यात गच्चीवर कुरड्या. “अहो, तुमची काठी उचला, नाहीतर मला कुरड्यांना दुसरी गच्ची शोधून द्या,” असा निर्वाणीचा इशारा आल्यावर तुकडे भिंतीच्या कडेने सरकवले.

उन्हाने मापं चुकतील का, हा प्रश्न माझ्या मनात होता, म्हणून हिशोब केला. ॲल्युमिनियम मीटरला दर अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं, स्टेनलेस १६. नऊ मीटरला २० अंशांच्या फरकाने दोघांत जेमतेम सव्वा मिलिमीटर तफावत पडते, आणि फॉइल तारेवर मोकळंच असतं. तेव्हा काळजी नको. हात मात्र भाजतो.

तारेच्या खालच्या टोकाचं काम मला सगळ्यात आवडलं. ही तार १९ पदरांची असते: मधे सात, बाहेर बारा. बाहेरचे बारा पदर उलगडायचे, मधल्या सातांवर पितळी शंकू सरकवायचा, मग बाराही पदर एकेक करून परत शंकूभोवती मूळ पिळात बसवायचे आणि वरून टोपी आवळायची. ताण येईल तसा शंकू आणखी घट्ट रुततो. शंकूला एक उभी चीर असते. एखादा पदर त्या चिरेत घसरला तर सगळं वाया, आणि तो घसरतोच, कारण बोटं दोन आणि पदर बारा. पोऱ्याने चाळणीच्या तारेचा एक फास करून सगळे पदर एकत्र धरले तेव्हा कुठे जमलं. मग परत उघडून पाहिलं, पदर सारखे पसरलेत याची खात्री केली आणि पुन्हा बंद केलं. सोबतची पुस्तिका नीट आहे, चित्रं मोठी आहेत, आणि स्क्रूवर कुठे काय लावायचं ते लिहिलेलं आहे. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये कोरडा बसवायचा नाही. ड्युरालॅकसारखी पेस्ट मधे हवीच, नाहीतर दोन पावसाळ्यांत दोघे एकजीव होतात. नागपुरात राहून हे डोक्यात शिरत नाही. आमच्या हवेत लोखंडी गज वर्षानुवर्षं गच्चीवर पडून राहतात.

तुकडे पीव्हीसी पाइपात भरून, पाइप गाडीच्या टपावर बांधून समृद्धीने नेले. बसवायला साडू, तांडेल आणि मी पुरेसे झालो.

बसवताना तीन गोष्टी पाहा. फर्लर चांगला की वाईट हे निम्मं यांवरच ठरतं, कंपनी कुठलीही असो. हॅलियार्ड स्विव्हलपासून डोलकाठीकडे जाताना तारेशी आठ-दहा अंशांचा कोन झालाच पाहिजे. समांतर गेली की ती गुंडाळली जाणार. त्यासाठी ते लीड डोलकाठीवर बसवायचं. शीड चढवल्यावर स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ पोचला पाहिजे. शीड आखूड असेल तर वर तारेचा तुकडा जोडायचा. आणि ड्रमवर येणारी दोरी तारेशी काटकोनात, ड्रमच्या मधोमध आली पाहिजे. शीड उघडताना दोरी सोडून द्यायची नाही, हाताचा हलका लगाम ठेवायचा, नाहीतर ड्रममध्ये वेटोळ्यांवर वेटोळी चढून ऐन वाऱ्यात अडकते. ड्रमवर दोरी कोणत्या दिशेने गुंडाळता यावर शीड कुठल्या बाजूने मिटतं ते ठरतं, आणि शिडाच्या कडेला शिवलेली ऊन अडवणारी पट्टी बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. आमच्या बंदरात एक बोट आहे, तिची महागडी निळी पट्टी वर्षानुवर्षं आतल्या अंधारात जपलेली आहे आणि पांढरं शीड उन्हात जळतंय. मालकाला सांगायचं धाडस होत नाही.

शिडाचा खर्च वेगळा धरा. कड्या काढून कडेला लफ टेप शिवावी लागते, आणि ती फॉइलच्या खाचेच्या मापाचीच हवी. मुंबईच्या शीडवाल्याने कडेच्या आत फोमची पट्टीही घातली. ती जरूर घाला. शीड अर्धं गुंडाळलं की मधे पोट सुटतं, फोम ते पोट भरून काढतो. तरी थोडक्यात समाधान मानायचं; साधारण तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त गुंडाळलं की शीड शीड राहत नाही, वाऱ्याच्या तोंडावर बोट चढत नाही. फर्लर लावला म्हणून एकच मोठं शीड सगळ्या वाऱ्यांना पुरेल, असं विक्रेता म्हणतो. आमचं १३५ टक्क्यांचं आहे (१०० म्हणजे मागे जेमतेम डोलकाठीपर्यंत पोचणारं). १०० पर्यंत गुंडाळून ठीक चालतं, पुढे नाही. गुंडाळलं की शीटची, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा ओढणाऱ्या दोरीची, पुली पुढे सरकवायला विसरू नका.

प्रत्यक्षात कसा चालतो? दुपारी वायव्येचा वारा चढतो आणि समुद्रावर पांढरे फटके दिसायला लागतात, तेव्हा साडू शीट सैल करतो, मी बसल्या जागेवरून दोरी ओढतो. हाताने, विंच न लावता. सहा-सात फेरे, दोरी क्लीटच्या खुंटीला, झालं. पूर्वी या कामाला पुढे जाणाऱ्याचे कपडे भिजायचे आणि मागे बसलेल्याचा जीव टांगणीला. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ग्रीस भरलं तेव्हा जुनं करड्या रंगाचं बाहेर आलं, तपकिरीचा मागमूस नाही. दुकानात कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस आहे, खाऱ्या पाण्याला ते फार छान टिकतं, हात शिवशिवत होते. पण कंपनीची ट्यूब संपेस्तोवर तीच वापरणार. दोन जातींची ग्रीसं मिसळू नयेत, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. तार फॉइलच्या पोटात गेली, आता ती डोळ्यांना दिसत नाही. वरचं आणि खालचं टोक तेवढं तपासता येतं. ड्रममुळे शिडाचा खालचा कोपरा वर सरकला. गुंडाळलेलं शीड मूरिंगवर वारा धरतं, म्हणून वादळाचा इशारा आला की ते पूर्ण उतरवायचं. सैल गुंडाळी वाऱ्याने मधेच उलगडली तर तासाभरात चिंध्या. पावसाळ्यात शीड खाली, घडी घालून घरी. आणि सुटे भाग बाहेरून येणार, महिनाभर थांबायची तयारी ठेवा.

आता तळ्यावाल्यांना. अंबाझरीला पोट्टे ज्या होड्या चालवतात, किंवा खिंडसीला कुणी १६-१८ फुटी शीडबोट ट्रॉलीवरून नेत असेल, त्यांनी पितळी कड्याच ठेवाव्यात. शिडाच्या शेंड्याला एक बारीक दोरी बांधून, ती खाली पुलीतून फिरवून मागे आणली की कॉकपिटमधूनच शीड खाली ओढता येतं. खर्च नगण्य, आणि सगळं सामान इतवारीत मिळतं.

मागवायच्या आधी ही मापं कागदावर घ्या: तारेची जाडी, वरच्या आणि खालच्या पिनांचा व्यास, पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी आणि टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, किती उघडा आहे ते. व्यास व्हर्नियरने घ्या, टेपने नाही. आम्ही टर्नबकलसह मागवला, तुम्हीही तसाच मागवा, नाहीतर पुढे तारेचा ताण कमीजास्त करता येणार नाही. शेवटचं माप लोक विसरतात: खालच्या पिनेपासून डेकपर्यंतची उंची. ड्रम तिथे बसणार आणि नांगरही तिथूनच वर येणार. दोघं एकमेकांना घासतात का, हे चित्रावर कळत नाही. पुठ्ठ्याचा ड्रम कापून तारेवर बांधा, नांगर खरोखर खाली सोडून परत वर ओढून पाहा, आणि मग पैसे पाठवा.